आतोबांनी पाहिलेला सिनेमा

आमच्या आतोबांचा या जगातल्या कशावरही विश्वास नव्हता. हे जग आपल्याला फसवायला टपून बसलंय, याबद्दल मात्र त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते माल तपासायच्या खात्यात होते. म्हणजे दिवसभर संशय घेण्याचा त्यांना पगार मिळे, आणि संध्याकाळी घरी आल्यावर तेच काम ते हौसेने फुकट करत. मला अंबरनाथच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्याकडे राहायला गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नेमणुकीचं पत्र उजेडात धरून उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "शिक्का खरा दिसतोय." त्या 'दिसतोय'वर त्यांनी असा काही जोर दिला, की आपण कुणाची तरी नोकरी पळवून आणलीय असं मलाच वाटायला लागलं.

दूधवाला आला की ते आधी त्याच्या भांड्यात बघत, मग त्याच्या चेहऱ्याकडे आणि मग आभाळाकडे. कारण पावसाची सर येऊन गेली असेल तर दुधात पाणी आपसूकच पडलं असं तो सांगणार, हे त्यांना आधीच ठाऊक असे. पत्ता विचारायचा झाला तर तिघांना विचारत आणि चौथ्याच वाटेने जात. कापड घ्यायला आम्ही उल्हासनगरला जायचो. फाळणीनंतर सिंधी मंडळी तिथल्या बराकींत येऊन राहिली त्याला पाच-सहा वर्षं झाली होती, आणि एक नंबर कॅम्पात दारोदार दुकानं उभी राहिली होती. दुकानदार "साईं, रंग पक्का है, ले जाओ," म्हणाला की आतोबा पिशवीतून पाण्याची बाटली काढत, कापडाचा कोपरा भिजवत आणि आपल्याच पांढऱ्याशुभ्र धोतरावर खसाखसा घासत. रंग उतरला की जग जिंकल्यासारखे सगळ्यांकडे पाहत. "दुकानदार पकडला गेला खरा, पण धोतर कुणाचं गेलं?" असं आत्या एकदा म्हणाली, तर या बाईच्या बोलण्यातही काहीतरी गोम असणार, अशा नजरेने त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

शकू ही त्यांची एकुलती एक मुलगी. दहा वर्षांची, भारी बडबडी. दोन वर्षांची असताना तिला ताप आला आणि त्यात उजवा पाय लुळा पडला. चालताना ती उजवा हात गुडघ्याच्या वर दाबून धरी आणि मग पाऊल टाकी, त्यामुळे तिचे सगळे परकर तेवढ्याच जागी विटलेले असत. आतोबांनी तिला मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. पाय आता सुधारणार नाही, म्हणाले ते. आतोबांनी अर्थातच विश्वास ठेवला नाही. दुसऱ्यांकडे नेलं, तिसऱ्यांकडे नेलं. तिघेही तेच बोलले, तेव्हा मात्र आतोबांनी पुढे काही विचारलं नाही. घरी आले, आणि दर रविवारी शकूच्या शाळेच्या वाटेवरचे दगड उचलून बाजूला टाकायला लागले.

अशात उल्हासनगरच्या थेटरात एक हिंदी सिनेमा लागला. त्यात एक लंगडा मुलगा, त्याची सोशिक आई, करवादलेला बाप, आणि शेवटी आई देवळाच्या पायऱ्यांवर कोसळल्यावर लंगडणं विसरून "माँ" म्हणत धावत सुटणारं ते पोर. आमच्या कॉलनीतल्या बायका पदर ओले करून परत आल्या. पुढे आठवडाभर कुणाला दुसरा विषय नव्हता. वरच्या मजल्यावरच्या काकू तर मुद्दाम आत्याला सांगायला आल्या, "वहिनी, काय काम केलंय हो त्या आईने! आईची माया खरी असली ना, की देवालासुद्धा ऐकावंच लागतं." काकू चांगल्या मनानेच बोलल्या, पण ते आत्याच्या काळजात जाऊन बसलं. आपलीच माया कुठेतरी कमी पडली, असं तिने धरून घेतलं. सोमवारी ती पाणीसुद्धा घेईनाशी झाली, अनवाणी शंकराच्या देवळात जाऊ लागली. बदलापूर गावात कुणीतरी पाय चोळून बरे करतो असं तिच्या कानावर आलं, तेव्हा शकूला तिकडे न्यायचंही तिने ठरवून टाकलं. वाईट म्हणजे शकूनेही हे सगळं खरं मानलं. गुडघ्यावरचा हात सोडून ती चालायला बघे आणि धाडकन पडे. "आई, उद्या जमेल गं," असं वर आत्यालाच समजावी. मला ते बघवत नसे.

"आहे तरी काय त्या सिनेमात, मला बघू दे," आतोबा एका रविवारी म्हणाले, आणि आम्हा तिघींना टांग्यात घालून दुपारच्या खेळाला घेऊन गेले. पडद्यावर दुःख सुरू झालं तसे बाकांवर हुंदके सुरू झाले. आतोबा मात्र पुढे वाकून, कारखान्यातला माल तपासावा तसे बघत होते. मध्यंतरानंतर तो मुलगा लंगडत लंगडत आईकडे येत होता, सगळं थेटर मुसमुसत होतं, तेवढ्यात आतोबा ताडकन उभे राहिले.

"पाय बदलला! अहो, मघाशी डावा होता, आता उजवा लंगडतोय!"

"ओ चाचा, नीचे बैठो!" मागून कुणीतरी ओरडलं. शेजारची सिंधी बाई डोळे पुसत म्हणाली, "साईं, बच्चा रोता है और तुम पाँव देखता है?"

"हम पाँवच देखनेको आया है, बाई," आतोबा म्हणाले. आणि अंधारात शकूचा आवाज आला, "बाबा, हा गुडघ्याला हात लावतच नाही. खरा असता ना, तर पडला असता." बोलली ती थेट बापाच्या सुरात.

खेळ सुटल्यावर बाहेर भज्यांच्या गाडीपाशी आतोबा विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्याला आपलं मत सांगत सुटले. "अहो, पण भावना बघा ना त्यातली," एक गृहस्थ कळवळून म्हणाले. "भावना बघितली. पण पोराचा पाय धडधाकट आहे. चांगला पाय चालला, त्यात देवाने काय केलं आणि आईने तरी काय केलं?"

आत्या बाजूला उभी होती. तिने हळूच विचारलं, "म्हणजे अहो, त्या आईने काही वेगळं केलं नव्हतं?"

"काय करणार ती?"

"मग माझं काही कमी पडलं नाही ना?"

आतोबा हातातलं भजं तसंच धरून राहिले. ती इतके दिवस हे मनात घेऊन वावरतेय, हे मला वाटतं त्यांना तेव्हाच कळलं. "नाही," ते म्हणाले. "तुझं नाही, पोरीचं नाही. कुणाचंच नाही." इतकं ठाम बोलताना त्यांना मी आधी कधी ऐकलं नव्हतं आणि पुढेही ऐकलं नाही. आत्या पदर तोंडाला लावून तिथेच रडली. बदलापूरला मग कुणी गेलं नाही.

आतोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही असला एखादा सिनेमा लागतो, शेवटी पोर बरं होतं, शेजारची बाई डोळ्यांना पदर लावते, आणि मला फार वाटतं, की मागून कुणीतरी ताडकन उठून ओरडावं. कुणी ओरडत नाही. सगळे रडत बसतात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या आठवणीने मीही रडते.