थेटराचा बसलेला आवाज

बाहत्तरच्या दुष्काळातली ती केस मी विसरतो म्हटलं तरी विसरत नाही, कारण तिच्यात चूक माझी होती.

उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका पेठेच्या गावी मी फौजदार होतो. तिथं निजामाच्या काळात व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून बांधलेलं नाटकाचं थेटर होतं. दुष्काळात नाटक कंपन्या यायच्या बंद झाल्या आणि थेटरात रेशनच्या लाल मिलोचं, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीचं, गोदाम झालं. एके सकाळी गोदामाचा कारकून ठाण्यात आला.

"पोती गायब होतायत साहेब. किल्ली एक माझ्याकडं, दुसरी म्हाताऱ्या राखणदाराकडं. मी तर हा तुमच्यापुढं उभा आहे!"

राखणदार हयातभर तिथं पडदा ओढणारा माणूस. घरझडतीत मूठभर मिलो सापडला नाही, तरी मी त्याला अटक करून कोठडी घेतली.

"पोती कुठं आहेत?"

"म्या न्हाय नेली साहेब. पण थेटराचा आवाज बसलाय. तेवढं बघा."

"थेटराचं पुराण नको लावू! पोती बोल!"

दोन दिवस तो तेच सांगत राहिला आणि मी ओरडत राहिलो. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून असायची. धान्यचोराची बायको म्हणून तिला रेशनच्या रांगेत कुणी उभं राहू देत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पंचनाम्यासाठी रंगमंचावर चढलो. डावीकडं बूट खणखणीत घुमले. उजवीकडं नुसतं धप्प. म्हाताऱ्याला तिथंच आणवलं.

"फळ्यांखाली रिकामे रांजण पुरल्यात साहेब. त्यानं नटाचा आवाज घुमतो. आता का घुमंना, कळंना."

फळ्या उचकटल्या. उजवीकडचे सगळे रांजण मिलोनं काठोकाठ! पंचनाम्याला आलेला कारकून हळूच दाराकडं सरकला, तसं त्याला धरलं. आळ म्हाताऱ्यावर ढकलून गिऱ्हाईक मिळेल तसं धान्य काढायचा त्याचा बेत होता. तासाभरात त्यानं सगळं कबूल केलं.

"मामा, चुकलो. तुम्ही घरी जा," मी म्हाताऱ्याला म्हणालो. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी तोवर अरे-तुरेच करत होतो, याची लाज वाटली.

पुढं शेकडो जबाब घेतले. माणूस पुन्हा पुन्हा एकच सांगू लागला, की मी त्याला गप्प करत नसे. आधी जाऊन बघून येई.

म्हाताऱ्याला सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्दीतच त्याच्या बायकोसोबत रेशनच्या दुकानात गेलो आणि मोठ्यानं सांगितलं, "यांच्या घरानं चोरी केलेली नाही. चूक माझी झाली."

रांगेतली एक बाई मागं सरकली. "या वहिनी," ती म्हणाली, "माझ्या पुढं उभ्या ऱ्हावा."