पहिल्या जागेवर सोनं

"पाड्यावरच्या पालकांनी आधी स्वतः मोजायला शिकावं," विज्ञानाचे सर माइकवरून म्हणाले. मंडप माझ्याकडे वळून हसला.

शहापूरच्या शाळेतलं प्रदर्शन. पोरांच्या गळ्यात मूलद्रव्यांच्या पाट्या. उभं राहायचं अणुअंकाच्या चढत्या क्रमानं, आणि आपला अंक ओरडून सांगायचा. माझी मुलगी हायड्रोजन. एक प्रोटॉन, म्हणून पहिली.

ती घाबरली आणि ओरडली, "लाभ!"

आमच्याकडे डोळखांबला खळ्यावर भात मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात, मग दोन, तीन. मोजणी ती माझ्याकडून तिथंच शिकली.

त्यावरच सर माइकवरून ते पालकांबद्दलचं बोलले. मग तिच्या गळ्यातली पाटी काढली. तिला शेवटी पाठवलं आणि शेवटचं सोनं पहिल्या जागेवर आणलं. सोनं म्हणजे देणगीदाराचा नातू. "पाहुण्यांना आधी सोनं दिसू दे."

याच माणसानं पोरांकडून घोकून घेतलं होतं. प्रोटॉन सगळीकडे सारखाच. सोन्यात वेगळा, शिशात वेगळा असं काही नसतं. किती आहेत, त्यावरून मूलद्रव्य ठरतं. दुसरं कशावरून नाही. पोरगी चुलीपुढे बसून हे म्हणायची. तिला ते खरं वाटलं. शिकवणाऱ्याला वाटलं नव्हतं. फळ्यावर विज्ञान, मंडपात मुजरा.

मी उठलो. शेजारच्या गाववाल्यानं सदरा ओढला. "बस रे खाली. प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्या हातात हायेत. पोरीचं वरीस वाया जाईल."

"सर," मी म्हणालो, "सोन्याला एकोणऐंशी. पुढं उभं केलं म्हणून त्याचा एक होत नाय."

"काका, बसा. शोभेसाठी आहे ते."

"शोभा तुमची. जागा पोरीची. चल गो, हो पुढं."

ती आली. पाटीशिवाय, सोन्याच्या पुढं उभी राहिली. ओरडून सांगितलं.

"लाभ. एक प्रोटॉन. हायड्रोजन."

या वेळी कुणी हसलं नाही. टाळ्याही नाहीत. सर खाली उतरून मला म्हणाले, "प्रॅक्टिकलला बघतो."

बघा. कापा मार्क. ती सायन्सच घेणार, तुमच्याच वर्गात, पहिल्या बाकावर. खळ्यावर पहिली पायली लाभच राहील. आणि पुढच्या प्रदर्शनाला मी मंडपात असेन. तिच्या जागेवर सोनं दिसलं, तर दंडाला धरून त्याच्या नंबरावर नेऊन उभं करीन.