पिशोरच्या डोंगरावरचे बारावे घर

बायकोशी खोटे बोलून मी या प्रवासाला निघालो, हे आधीच सांगून टाकतो. मेहुण्याच्या नातवाच्या बारशासाठी आम्ही दोघे साताऱ्याहून छत्रपती संभाजीनगरला आलो होतो. बारसे आटोपले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी औरंगपुऱ्यातल्या मेहुण्याच्या घरात चहा घेताना मी म्हणालो, "मी जरा वेरूळ बघून येतो."

सुनंदाने कप खाली ठेवला. "तू? घरातले पडदे बदलले ते तुला आठ दिवसांनी कळलं. तू लेणी बघणार?"

"बघावीत म्हणतो. वय झालं आता."

तिने पाण्याची बाटली आणि चार धपाटे पिशवीत घालून दिले. त्या धपाट्यांनी मला आणखीच अपराधी वाटले.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिले. "कां जाना मामू, वेरूल?"

"पिशोरची एसटी पकडायचीय."

"पिशोर में क्या है देखने को?"

"काम आहे."

"काम तो सबकोच है मामू. पन सुबू सुबू मुंह ऐसा कायको उतरेला?"

स्टँड आल्यावर मी भाडे देऊन उतरलो. एसटीत शेजारी एक शेतकरी अद्रकीचे (आल्याचे) पोते मांडीशी धरून बसला होता. त्या झणझणीत वासात, वेचणीला आलेल्या कापसाची पांढरी शिवारे मागे पडताना, मी मनातल्या मनात कबुलीची वाक्ये जुळवत होतो.

गोष्ट अशी. चोवीस वर्षांचा असताना मी पिशोरजवळच्या शाळेत शिक्षक होतो. पोलिओच्या मोहिमेत आम्हा शिक्षकांना घरोघर पाठवत. घरातल्या सगळ्या मुलांना थेंब मिळाले की दारावर खडूने 'पी' काढायचा, एखादे मूल राहिले तर फुली. फुलीच्या घरी पुन्हा जायचे. माझ्या वाट्याला डोंगरावरची एक वस्ती आली. चढून गेलो तर अकराच्या अकरा घरांना कुलूप, सगळी माणसे लेकरांसकट कापूस वेचायला गेलेली. संध्याकाळपर्यंत थांबायला हवे होते. पण चारच्या एसटीने मला औरंगपुऱ्यात मुलगी बघायला जायचे होते. मी अकराही दारांवर 'पी' काढला, कागदावरचा हिशेब जुळावा म्हणून थेंब एका खडकावर ओतले आणि पळत खाली आलो. मुलगी पसंत पडली, लग्न झाले, पुढे बदली होऊन गावीही परतलो. मात्र त्या दिवसापासून लंगडणारा कुणीही दिसला की मी मनात त्याचे वय मोजू लागतो.

त्या भागाच्या नर्स होत्या ताहेरा सिस्टर. आता त्या जिल्हा परिषदेच्या आरोग्य सभापती आहेत आणि उत्तरेकडच्या, डोंगराकडच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांवर त्यांची देखरेख असते. ते वर्तमानपत्रात वाचल्यापासून मला चैन नव्हते. वस्तीवर एखादे पोर अधू झाले का, एवढेच मला त्यांना विचारायचे होते.

पिशोरच्या दवाखान्यासमोर दोन जीपगाड्या आणि पन्नासेक माणसे होती. आत व्हरांड्यात त्या बसल्या होत्या. केस पिकलेले, साडीच्या खांद्याला नर्सचे उलटे घड्याळ अजून टाचलेले. मागच्या खोलीत तीन बाळंतिणी दिसत होत्या आणि त्यांची बाळे जरीकाठाच्या शालींत गुंडाळलेली होती. सिस्टरना सत्कारात मिळालेली प्रत्येक शाल तिथेच जाते, असे शिपायाने अभिमानाने सांगितले.

त्यांची काम करण्याची रीत मी थक्क होऊन पाहिली. तक्रार घेऊन येणाऱ्याला खुर्चीत बसवायचे आणि तोंडात थर्मामीटर द्यायचा. मग त्याची तक्रारही त्याच बोलून दाखवायच्या आणि निकालही त्याच द्यायच्या. विरुद्ध गटाचे एक जाडजूड पुढारी तसेच बसले होते.

"तुमचं म्हणणं, दवाखान्याची गाडी येळंवर येत नाय. व्हय ना? बोलू नका दादा, नुसती मान हलवा. अन परवा ती गाडी तुमच्या पुतण्याच्या वरातीत कशी दिसली? मान हलवा की."

दादांची मान हलली नाही. लोक हसले, आणि थर्मामीटरच्या कडेने दादाही हसले.

माझा नंबर आला. "सिस्टर, मी माने, साताऱ्याहून आलोय. इथल्या शाळेत होतो. मला तुम्हाला एक..."

"माने गुरुजी. लई वाळलात. आ करा." थर्मामीटर जिभेखाली गेला. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या सत्कारासाठी शाल आणि नारळ घेऊन आले. त्या म्हणाल्या, "माझा लई झाला. या गुरुजींचा करा. एवढ्या वर्षांनी साताऱ्यावरनं आपल्याला भेटाया आलेत."

शाल माझ्या खांद्यावर पडली. दादांनी ताबडतोब भाषण केले. पूर्वीचे शिक्षक कसे डोंगर तुडवत घरोघर जायचे, कामात कसे चोख असायचे, वगैरे. मी जिवाच्या आकांताने नकारार्थी मान हलवत होतो. लोकांना तो विनय वाटला आणि टाळ्या वाढल्या.

सिस्टरनी पारा पाहिला. "ताप नाय. मग तोंड असं का पडलंय? चला, मी वर वस्तीवर निघालेय. जीपमध्ये बोला."

जीपमध्ये मी बोललो. कुलपे, खडू, खडकावरचे थेंब, चारची एसटी, सगळे. आता जीप थेट वस्तीपर्यंत डोंगर चढून जाते, पण मला पायी चढल्यासारखा दम लागला होता. त्या बाहेर बघत होत्या.

"किती दारं म्हणलात?"

"अकरा."

"बारा हुती," त्या म्हणाल्या, आणि ड्रायव्हरला पुढचे वळण दाखवू लागल्या.

बारावे घर. तोवर मला निदान माझ्या पापाचा आकडा तरी माहीत होता.

वस्तीवर उतरताच त्यांनी माझ्या हातात वही आणि खडू दिला. "इथली सिस्टर रजेवर हाय. पाच वर्षांखालची लेकरं किती, घरोघर जाऊन लिहा. लिहिलं की दारावर खूण करा. काय लपलंय ते सोताच्या डोळ्यांनी बघा."

मी दारोदार गेलो. लेकरे मोजता मोजता माझी नजर पंचविशी-तिशीच्या प्रत्येक माणसाच्या पायांकडे जात होती. सातव्या घरातून एक तरुण डावा पाय ओढत बाहेर आला. मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो.

"पाय... कधीपासून?"

"परवापासून. बैलानं पाय दिला."

मी त्याचा हात धरून "फार छान, फार छान" म्हणालो. तो घरात जाऊन बायकोला काहीतरी सांगू लागला.

बारावे घर लिंबाच्या झाडामागे होते, तेव्हा मला ते दिसलेच नव्हते. तिथला रामा नावाचा तरुण कडेवर तान्ही मुलगी घेऊन उभा होता. मी त्याच्या पायांकडे इतका वेळ पाहिले की तो म्हणाला, "गुरुजी, माझी चप्पल आवडली का? कन्नडच्या बाजारातली हाय."

त्याच्याच ओसरीवर आम्हाला भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी) वाढली. सिस्टर जेवता जेवता बोलल्या.

"दुसऱ्या दिवशी मी तपासणीला वर आले. अकरा दारं रंगलेली अन हे एक कोरं. म्हणलं, एकच कसं राहिलं? याच्या आईला पुसलं. ती म्हणली, एक पोरगा कुलपांच्या बाजूला लिहीत लिहीत पळाला. मग माणसं शेतातनं येस्तोवर थांबले. समद्या लेकरांना पाजलं. हा रामा तर थेंब थुकत हुता."

मी भाकरी ताटात ठेवली. "मग माझी तक्रार का नाही केलीत?"

"हेडमास्तरला पुसलं. म्हणले, पोरगी बघाया गेलाय. म्हणलं, जाऊ द्या. मेमो मलाच आला, एक दिवस उशीर झाला म्हणून. या लोकांनी खाली येऊन साहेबाला घेराव घातला, तिथनंच मला राजकारणाची खोड लागली." त्यांनी माझ्या ताटात ठेचा वाढला. "जमलं का मग लग्न?"

"जमलं."

"बरं झालं. नायतर दोन्हीकडनं गेलं असतं. अन ते नववं घर परत बघा, पाळण्यातलं एक लेकरू तुमच्या वहीत नाय."

मी उठून नवव्या घरी गेलो. खरोखरच एक राहिले होते.

संध्याकाळी औरंगपुऱ्यात पोहोचलो. सुनंदाने पिशवी उघडली आणि शाल-नारळ बाहेर काढला. "वेरूळला सत्कार कुणी केला तुझा?"

मी तिलाही सगळे सांगितले. तिने शालीची नीट घडी घातली.

"मला बघायला आलास त्या दिवशी तुझ्या बोटांना खडू होता," ती म्हणाली. "बाबांनी तेवढंच पाहिलं. आत येऊन म्हणाले, मुलगा थेट कामावरून आलाय, हात धुवायलाही सवड नाही त्याला. याला देऊन टाकू."

म्हणजे त्याच खडूने मी तेराव्या घरावरही खूण करून आलो होतो, आणि तिथे मागून कुणी तपासायला आले नव्हते. माझी मान खाली गेली.

"आता बसू नकोस असा," सुनंदा म्हणाली. "उद्या मला तिकडे ने. ही शाल त्या पाळण्यातल्या बाळाची आहे."

सकाळी मेहुण्याने विचारले, "ताई, कुठं निघालात दोघं?"

"वेरूळला," सुनंदा पापणीही न लववता म्हणाली.

आता आम्ही साताऱ्यात आहोत. शेजारी विचारतात, वेरूळ कसे वाटले? मी खोटे बोलायचे सोडले आहे, म्हणून सुरुवातीपासून सांगू लागतो. मी 'चोवीस वर्षांचा असताना' इथवर येतो, आणि सुनंदा आतून म्हणते, "छान आहेत लेणी. चहा घेणार ना?"