विमानवाल्याच्या वाटचा भात

सरलावहिनी, गुडघा काय म्हणतो? नानांचा खोकला थांबला का? धाकटीच्या बाळाला दात आले का? आणि ब्लॉगवरची बाकी मंडळी, तुमचं पोटपाणी ठीक ना? आम्ही दोघं ठणठणीत. माझे साडू दगाभाऊ मात्र भलतेच अडकलेत.

त्याचं असं झालं. महायुद्धात अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरात एक मोठं बॉम्बफेकी विमान पडलं, आतले आठही गोरे गेले, असं ऐकून होतो. त्याचा पत्रा अजून एका पाड्यावर आहे म्हणे. पाहायचाच म्हणून मी आणि दगाभाऊ सारंगखेड्याहून सकाळच्या एसटीने निघालो. अक्कलकुव्यापुढे जीप. ती खचाखच भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई असेल तर जाऊच नका. डबा सोबत घ्या. आम्ही घेतला होता. दगाभाऊंनी तो तळोद्यालाच संपवला.

पाड्यावर ऐंशी ओलांडलेल्या खेमलीबाई भेटल्या. विमानाचा पत्रा त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर! मी फोटो काढत बसलो. मागे झाडाखाली पळसाच्या पानांचे आठ द्रोण, नव्या तांदळाच्या भाताचे. दगाभाऊंना वाटलं, पाहुणचार. मी वळून पाहतो तो एक द्रोण चाटूनपुसून साफ.

"अरे दादा, ते गोऱ्याचं होतं!" खेमलीबाई ओरडल्या.

त्यांच्या सासऱ्यांनी त्या आठांना त्याच झाडाखाली पुरलेलं. दरवर्षी नवं धान्य आधी घरच्या मेलेल्यांना, मग या आठांना, मग आपण खायचं. त्यांना इथे दुसरं कोण आहे?

दगाभाऊ रडवेले झाले. "मी जेवन समजनू, माय! दुसरा वाढ ना त्याले."

"पहिला घास एकदाच असतो. आता तो वरीसभर उपाशी."

"मंग मी काय करू?"

"तू खाल्लं, तू त्याचा भाऊ. पुढच्या साली तुझ्या शेतातलं नवं धान्य घेऊन ये. तोवर रोज तुझ्या ताटातलं दे."

"तो कितीक खास?" किती खातो, ही दगाभाऊंची काळजी.

"तुझ्याएवढं नाही."

परतीच्या जीपमध्ये फोटो पाहिले. मी पाहायला गेलो पत्रा, आणि माझ्या फोटोत आली नुसती कोंबडी. पण दगाभाऊंच्या ओट्यावर आता रोज एक जास्तीचं ताट असतं. पहिल्या दिवशी भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा वाढला, तशी माझी मेहुणी म्हणाली, "त्याले तिखट चालस का?" दगाभाऊ भरल्या ताटावरून उठले आणि त्याच्यासाठी दही घेऊन आले.

तर मंडळी, गोऱ्यांच्या मुलखातल्या लोकांना जेवणात काय आवडतं, कुणाला ठाऊक असेल तर लवकर लिहा. आज रात्रीचं ताट वाढायचंय.