वेदा तुंगाबाई होते तेव्हा

उद्या सकाळी वेदा वरुणा गावच्या शाळेत फोन करून शनिवारचा कार्यक्रम रद्द करणार आहे. आजवर ती कुणाच्या सांगण्यावरून थांबली नव्हती. आता थांबते आहे ती माझ्यासाठी, आणि ही गोष्ट काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

वेदवती माझी एकुलती एक मुलगी. इथेच म्हैसुरात एका कॉलेजात इतिहास शिकवते. सुट्टीच्या दिवशी ती आसपासच्या शाळांत जाऊन तुंगाबाई होते. तुंगाबाई म्हणजे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या मुलींना शिकवणारी एक बालविधवा, आमच्यासारख्याच मराठी बोलणाऱ्या घरातली. तिच्याबद्दल कुणी फारसं लिहिलेलं नाही. वेदाने शाळांचे जुने अहवाल वाचले, मंडी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बायकांशी तासन्‌तास गप्पा मारल्या आणि त्यातून तिला उभी केली.

याला नाटक म्हटलेलं तिला आवडत नाही. आधी विधवेचं लाल आलवण नेसून तुंगाबाई आपली हकीकत सांगते. मग मुलं प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरंही तुंगाबाईनेच द्यायची. तिच्या काळानंतरचं तिला काही ठाऊक नसतं. “अज्जी, तुमचा फोन नंबर द्या ना,” असं एखादा द्वाड मुलगा म्हणतोच, आणि ती शांतपणे विचारते, “म्हणजे काय रे बाळा?” शेवटी वेदा मुलांसमोरच डोक्यावरचा पदर उतरवते, कुंकू लावते, बांगड्या भरते, मंगळसूत्र परत गळ्यात येतं. मग वेदा म्हणून सांगते, यातलं कागदावर सापडलं ते किती आणि तिने अंदाजाने भरलं ते किती.

सुरुवातीला ती मंगळसूत्र काढत नसे, आलवणाच्या आत सरकवून ठेवायची. बन्नूरच्या शाळेत पुढे बसलेल्या एका मुलीने ते बरोबर टिपलं. “अज्जी, नवरा वारला म्हणता, मग गळ्यात ताळी कशी?” सगळी शाळा हसली, मास्तरसुद्धा. परतीच्या बसमध्ये वेदा म्हणाली, “चूक माझीच गं अम्मा. मुलांना खोटं लगेच कळतं. पुढच्या वेळेपासून तू धर.”

तेव्हापासून कार्यक्रम होईपर्यंत ते माझ्या पर्समध्ये असतं. तिचे वडील गेल्यापासून मी घरी एकटीच, म्हणून तिच्याबरोबर जाते. शेवटच्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसते.

बिंदुमाधव, माझा जावई, यावर फार हसायचा. “अत्ते, तुमची मुलगी शनिवारी मला मारून येते आणि वर माझ्याच हातची कॉफी मागते!” मागच्या महिन्यात त्याच्या छातीत दुखलं. दवाखाना, स्टेंट, सगळं झालं. आता धोका नाही, असं डॉक्टर म्हणतात. पण तेव्हापासून त्याने तो विनोद केलेला नाही.

आज संध्याकाळी त्याच्यासाठी सार घेऊन मी त्यांच्याकडे गेले होते. वेदा हॉलमध्ये आलवणाला इस्त्री करत होती. तिच्या सासूबाई सीतालक्ष्मी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या.

“घरात आजारी माणूस आणि तू हे कापड पसरून बसलीस! थोडे महिने राहू दे की, वेदा.”

“अत्ते, तो आजारी नाही. बरा होतोय.”

“अम्मा, तिला सुम्ने, उगाच का बोलतेस?” बिंदुमाधव खुर्चीतून म्हणाला. “त्या कापडाने काही मी मरत नाही.”

“तोंडातून असलं काढू नकोस!” विहीणबाईंचा आवाज चिरकला. मग त्या वेदाकडे वळल्या. “कापडाचं सोड. पण गळ्यातलं काढून देतेस कुणाच्या हातात, याचा तरी विचार...”

तेवढ्यात त्यांना मी दिसले.

“अय्यो, विहीणबाई, मला तसं म्हणायचं नव्हतं.”

“असू दे,” मी म्हणाले.

वेदाने इस्त्री बंद केली. अर्धं आलवण चुरगळलेलंच होतं, तसंच तिने घडी घालून ठेवलं. मला सोडायला फाटकापर्यंत आली.

“उद्या नागरत्ना मॅडमना फोन करून शनिवारचं नाही म्हणून सांगते.” नागरत्ना म्हणजे वरुणाच्या मुख्याध्यापिका.

“त्या बोलल्या म्हणून?”

“मला काय हवं ते बोलू देत गं. तुला बोललेलं मला ऐकवत नाही.”

खरं सांगायचं तर ऑटोत बसल्यावर मला आधी हायसंच वाटलं. मी शिकलेली आहे; वेदाचे वडील गेले तेव्हा बांगड्या फोडायला आलेल्या बायकांना मी परत पाठवलं होतं. तरी बिंदुमाधव दवाखान्यातून आल्यापासून ती पर्स मला जड वाटते. मण्यांनी कुणाचं बरंवाईट होत नाही, हे मला कळतं. मला भीती वेगळीच आहे. उद्या त्याला काही झालं, तर वेदाला कुणी दोष द्यायची गरजच पडणार नाही. ती स्वतःच स्वतःला देईल, आणि मग तो दोष जन्मभर उतरणार नाही.

पण घरी येऊन दिवा लावला आणि मला गेल्या पावसाळ्यातली एक शाळा आठवली. प्रश्नांच्या वेळी एक मुलगी उठली. “अज्जी, तुमच्या शाळेत समारंभ असला की दिवा लावायला तुम्हाला बोलवायचे का?”

“नाही बाळ. मी मागच्या दाराशी उभी राहायची.”

“आमच्या अम्मालाही आता कुणी बोलवत नाही. मग तुम्ही काय करायचात?”

याचं उत्तर वेदाला कुठल्या अहवालात सापडलेलं नव्हतं, आणि तुंगाबाईला तर बोलायलाच हवं होतं. ती म्हणाली, “दुसऱ्या दिवशी वेळेवर शाळा उघडायची.”

मुलगी खाली बसली. तिचं समाधान झालेलं नव्हतं, हे मला मागूनही दिसलं. वेदालाही दिसलं असणार, कारण पदर उतरवल्यावर तिने एकदम हाक मारली, “अम्मा, इकडे ये.” मी गोंधळून पुढे गेले. तिने सगळ्यांदेखत मान वाकवली. “तूच घाल.” फासा पटकन लागेना. “या माझ्या अम्मा,” तिने मुलांना सांगितलं. “माझे वडील नाहीत.” ती मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती, तुंगाबाईकडे तिने इतकं बघितलं नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक शाळेत मीच घालते. आणि नेमक्या याच गोष्टीपायी, मला वाईट वाटू नये म्हणून, वेदा आता सगळं थांबवणार. हे मला चालणार नाही.

विहीणबाईंचा मला राग येत नाही, निदान आता तरी नाही. हे गेले तेव्हा नातेवाईक तोंड चुकवत होते आणि या बाई रोज येऊन मला जेवायला लावत होत्या, समोर बसून. आज त्या बोलल्या ते घाबरलेल्या आईचं बोलणं होतं. मीही आईच आहे. मग आम्ही दोघींनी आपापल्या घरी बसून वेगवेगळं घाबरायचं कशाला?

त्या अजून जाग्याच असतील. मुलाचा श्वास नीट चालतोय ना, हे बघत त्या हल्ली उशिरापर्यंत बसतात, वेदानेच सांगितलं. सकाळपर्यंत थांबले तर वरुणाला फोन गेलेला असेल. म्हणून आत्ताच लावते. त्यांना सांगते, की मी वेदाला जाऊ नकोस म्हणणार नाही. ती मंगळसूत्र माझ्याच हातात देईल आणि मीच ते परत तिच्या गळ्यात घालीन. मलाही भीती वाटते, विहीणबाई. शनिवारी तुम्हीही चला, माझ्या शेजारी बसा.