लपकून जाय

लग्न होऊन मी साताऱ्याकडच्या गावातून जबलपूरला आले आणि थोड्याच दिवसांत पासष्टची लढाई लागली. हे लष्करी सामान बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होते. लढाईमुळे त्यांना दुहेरी पाळी लागली. घरी यायचे ते जेवायला आणि झोपायला. नवरा-बायकोची ओळख म्हणावी तशी झालीच नव्हती.

धाकटे दीर शाळेत जायचे, दिवसभर घरात मी आणि सासूबाई. त्यांच्या तीन पिढ्या जबलपुरातच गेलेल्या. मराठी बोलायच्या, पण ‘काय करून राहिली?’ अशी नागपुरी वळणाची, आणि मध्येच हिंदी. मला हिंदी येत नव्हती. नव्या सुनेनं किती वेळा ‘म्हणजे काय?’ विचारायचं, म्हणून मी अंदाजानं मान डोलवायची.

एका दुपारी हे डबा घरीच विसरले. सासूबाईंनी डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “लपकून जाय अन् गेटवर देऊन ये.”

मी ऐकलं ते ‘लपून’. विचित्र वाटलं, पण पटलंही. आमच्या खिडक्यांना काळे कागद लावलेले होते, कारखान्यातलं बाहेर कुणाशी बोलायचं नाही अशी ताकीद होती. लढाईत डबासुद्धा लपूनच न्यायचा असेल. मी पदर तोंडावर ओढला, डबा पदराखाली घेतला आणि निघाले. कुणी सायकलवरून आलं की झाडाआड व्हायची. कारखान्याची भिंत लागल्यावर तर भिंतीला चिकटूनच चालले.

गेटवरच्या पहारेकऱ्यानं मला केव्हाच हेरलं होतं. तो पुढे आला आणि पदराखाली काय आहे ते विचारू लागला. त्याची हिंदी मला कळेना, माझी मराठी त्याला कळेना. मी डबा दाखवला, तर तो उघडायला लावला. पोळ्या आणि वांग्याची भाजी बघूनही त्याचं समाधान झालं नाही. मी डब्याचं झाकण त्याच्यापुढे धरलं. शेवटी डब्यावर कोरलेलं नाव वाचून त्यानं आत निरोप धाडला.

हे घाईघाईनं बाहेर आले. पहारेकऱ्यानं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला हळूच विचारलं, “तू झाडाआड काहून लपत होतीस?”

“सासूबाईंनीच सांगितलं, लपून जा म्हणून.”

त्यांनी कपाळाला हात लावला. मग खांदे हलेपर्यंत हसले. “लपकून म्हणाली असेल आई. लपकून म्हणजे झटकन, पळत.” त्यांनी पहारेकऱ्याला हिंदीत समजावलं, तसा तोही हसला. त्यानं गेटजवळच्या लिंबाखाली आम्हाला बसू दिलं. हे जेवले, मी बघत बसले. मध्येच आठवून पुन्हा हसायचे आणि अर्धी पोळी माझ्यापुढे करायचे. लग्नानंतर आम्ही दोघंच असे पहिल्यांदा बसलो होतो.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. झालेलं सांगितलं, तर त्यांना हसू आलं नाही, वाईट वाटलं. “पोरी, नाही समजलं तर विचारत जाय. मी काय खाऊन टाकीन?”

त्यानंतर मी विचारू लागले. तो एकच शब्द त्या घरात कुठे कुठे वापरायचे! दूध उतू चाललं की लपकायचं, मांजर चिमणीवर लपकायचं, धाकटे दीर मैदानावर कॅच लपकायचे. मी सासूबाईंना सांगितलं, आमच्याकडे मांजर झडप घालतं, वाघ झेप घेतो आणि बैल मुसंडी मारतो. मुसंडी त्यांना फार आवडली. रेशनच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्या शेजारणीला त्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, “काय मुसंडी मारून राहिली?” शेजारीण हिंदी बोलणारी, तिला कळलं नाही. आम्ही दोघी मात्र घर येईपर्यंत हसत होतो.

लढाई थांबली, पाळी एकेरी झाली. हे उजेड असताना घरी येऊ लागले. रविवारी आम्ही तिघं टांग्यानं ग्वारीघाटावर गेलो. सासूबाई नर्मदेत पाय सोडून बसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, तुम्ही जा फिरून या, मला काही घाई नाही.