अवघड नाव

मला सातवा महिना होता. ऑफिसला जायला इथल्या न्यू लिन स्टेशनवर ट्रेनमध्ये चढले, की एक आयरिश आजी माझ्यासाठी जागा धरून बसलेली असायची. तिचं नाव मी कधी विचारलंच नाही. तिला मात्र माझ्या बाळाच्या नावाची घाई. मुलगीच होणार, हेही तिनेच ठरवून टाकलेलं.

ती खिडकीच्या काचेवर तोंडाची वाफ सोडायची आणि बोटाने त्यावर आयरिश नाव लिहायची. अक्षरं ढीगभर, उच्चार इवलासा. एकदा मी चाचपडत "काओइम्हे" वाचलं, तर हसून हसून तिला ठसकाच लागला.

"कीव्हा! म्हणजे कोमल, गोड."

"आमच्याकडे कीव म्हणजे दया," मी म्हटलं.

"मग हेच ठेव. आईवर दया तरी करेल!"

शेवटी मी मनातलं सांगितलं. मला मृण्मयी आवडलं होतं. पण इथल्या लोकांना जमायला हवं म्हणून नवरा 'मिया'वर अडून बसला होता.

तिने पुन्हा पुन्हा मृण्मयी म्हणून पाहिलं. कवळी हलली, पण नाव काही येईना. मग म्हणाली, "माझ्या नवऱ्याला माझं नाव शेवटपर्यंत धड लिहिता आलं नाही. पण हाक काय सुरेख मारायचा! अवघडच ठेव गं. प्रेम करणारे शिकतात."

मुलगीच झाली. पाच वर्षांची झाल्यावर शाळेत घातली, तेव्हा टीचरनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, "हिला मिमी म्हटलं तर चालेल?"

मी तोंड उघडायच्या आत मृण्मयीच म्हणाली, "नो. बट आय कॅन टीच यू."